क्विंटलभर गड्यानं स्की कशी निवडावी

आधी पात्रता तपासून घ्यावी. ही मार्गदर्शिका बुलडाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतल्या अशा रहिवाशांसाठी आहे, ज्यांची उंची सहा फुटांच्या वर, वजन क्विंटलच्या आसपास आणि स्वभाव आक्रमक आहे. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान यात धरलेला नाही. त्या मापाची स्की कुठलीच कंपनी काढत नाही. बाकी असे गडी जिल्ह्यात मुबलक आहेत.

अडचण फक्त बर्फाची. आपल्याकडे आभाळातून पडणारं गोठलेलं पाणी म्हणजे गारपीट, आणि तिच्यावरून घसरायचं नसतं, तलाठ्याला बोलावून पंचनामा करायचा असतो. पीकपाण्याचं भाकीत सांगणाऱ्या भेंडवळच्या घटमांडणीत चार ढेकळं ठेवतात ती पावसाच्या चार महिन्यांची. बर्फासाठी पाचवं ढेकूळ ठेवावं असं पिढ्यान्‌पिढ्या कुणाला वाटलेलं नाही. उतार मात्र काय हवे ते! लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, पण ते अभयारण्य आहे. राजूर घाट उताराला झकास, पण वळणावर समोरून मलकापूरची एसटी येते. तेव्हा बर्फासाठी गुलमर्गला जायचं, हे या मार्गदर्शिकेनं गृहीत धरलं आहे.

खरेदीची सुरुवात वजनकाट्यावर करावी, आणि आकडा खरा सांगावा. वजन लपवायची आपल्याला सवय असते, कारण डॉक्टर रागावतात. स्कीवाला रागावत नाही. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की ही फळी किती भार पेलणार आहे. जाकीट, बूट, पाठीवरची पिशवी आणि पिशवीतल्या शेगावच्या कचोऱ्या, सगळा भार शेवटी तिच्यावरच येतो.

आता लांबी. सर्वसाधारण सल्ला असा, की स्की उभी धरल्यावर हनुवटी ते डोकं यांच्यामध्ये कुठेतरी यावी. हा सल्ला नेमस्त माणसांसाठी आहे. जड आणि वेगानं जाणाऱ्यानं डोक्याच्या बरोबरीची, किंवा बोटभर वरचीही घ्यायला हरकत नाही. लांब स्कीला बर्फावर टेकायला जास्त जागा मिळते, भार पसरतो, वेगात शेंडे फडफडत नाहीत. सहा फूट दोन इंच उंच आणि १०५ किलोच्या गड्यानं १८४ ते १९१ सेंटिमीटरच्या टप्प्यात बघावं. 'शिकाऊ आहे, आखूड द्या' असं घरचे म्हणतील. शिकाऊ असाल तर घरचे बरोबर आहेत.

रुंदीचा प्रश्न इतर जिल्ह्यांतल्या लोकांना समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. आपला जिल्हाच मुळी घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला. चिखली-मेहकरची हवा वेगळी, नांदुरा-मलकापूरची वेगळी, आणि सोयरीक जुळवतानाही आधी हेच विचारतात. स्कीचंही तेच आहे. कडक, दाबून सपाट केलेल्या बर्फावर अरुंद कंबरेची स्की चटकन धारेवर येते. ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद कंबरेचीच वर तरंगते. (कंबर म्हणजे स्कीच्या मधल्या भागाची रुंदी. आपली कंबर इथे कुणी विचारत नाही.) दोन्हीकडे चालेल अशी जी, तिला ऑल-माउंटन म्हणतात. तिची कंबर साधारण ८५ ते १०५ मिलिमीटर असते. गुलमर्गला भुसभुशीत बर्फ पुष्कळ पडतो, गडी जड आहे, म्हणून ९६ ते १०२ मध्ये थांबावं. शेंडा थोडा आधीपासून उचललेला, मधे कमान आणि टाच जवळजवळ सपाट, अशी ठेवण बघावी. वळणाची त्रिज्या स्कीवर छापलेली असते. १८ मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर वेगात ती स्वतःहून वळायची घाई करत नाही.

यानंतर ताठपणा, आणि इथे घाई करू नये. बैल घेताना आपण दात बघतो, वशिंडावर थाप मारतो, चार पावलं चालवून बघतो, मगच रुमालाखाली बोटं धरतो. स्कीसुद्धा अशीच हाताळून घ्यावी. टाच जमिनीवर टेकवावी, एका हातानं शेंडा धरावा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं मध्यभाग दाबावा. सहज वाकली तर परत ठेवावी, ती साठ किलोच्या माणसाची आहे. मग शेंडा दोन्ही हातांत धरून पिळून बघावा. पिळली जाणारी स्की कडक बर्फावर धार सोडते, आणि धार सुटली की क्विंटलभर माल थांबवायला खाली देवदाराचं झाडच उरतं. आतलं काम विचारून घ्यावं. गाभा लाकडाचा हवा, आणि त्याच्या वर-खाली टायटॅनलचे दोन पत्रे. नाव टायटॅनियमसारखं असलं तरी तो ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू आहे. दुकानदार वेगळं सांगेल, ऐकून घ्यावं. ब्लिझार्डची बोनाफाइड ९७, नॉर्डिकाची एन्फोर्सर १००, व्होल्क्लची एम६ मँट्रा ही नावं या वजनगटात नेहमी निघतात, आणि तिन्ही १९० सेंटिमीटरच्या आसपासच्या लांबीत निघालेल्या आहेत. एकेक नग दोन किलोच्या वर भरतो. कुरकुर करू नये, आपणही भरतो.

आता सर्वांत महत्त्वाचं कलम: आक्रमकता.

स्कीला बूट अडकवणाऱ्या यंत्राला बाइंडिंग म्हणतात. त्याचं खरं काम अडकवून ठेवणं नसून, पडताना पाय वेळेवर सोडणं हे आहे. ते किती जोरानं सुटावं याचा आकडा उंची, वजन, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीबाजाचा प्रकार यांवरून एका तक्त्यातून काढतात. प्रकार तीन आहेत. पहिला जपून, हळू उतरणारा, दुसरा मधला, तिसरा वेगानं, तीव्र उतारावर जाणारा. आपला वाचक फॉर्म हातात घेतो, शेजारी दोन पुणेकर उभे असतात, आणि तो ठळक अक्षरांत 'तीन' लिहितो.

इथं थांबावं. राजूर घाटात वळणावर ट्रकला ओव्हरटेक करणं, ग्रामसभेत माइक हिसकावणं, बांधाच्या वादात तीन पिढ्या तारखा लढवणं, यातलं काहीही त्या तक्त्यात धरत नाहीत. तिथली आक्रमकता फक्त उतारावरची. ज्यानं आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीत पाहिला, तो कितीही भांडखोर असला तरी पहिल्या प्रकारातच मोडतो. खोटं 'तीन' लिहिलं की आकडा चढतो. मग पडल्यावर बाइंडिंग सुटत नाही, पाय तिथेच राहतो, बाकीचा गडी पुढे जातो, आणि गुडघ्यातली दोरी तुटते. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्ता आकडा स्वतःहून खाली आणतो, म्हणून वयही खरंच लिहावं. मुलीच्या लग्नाच्या बायोडेटातलं वय नको.

बुटांबद्दल थोडक्यात: आधी बूट, मग स्की. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून घ्यावी, जड माणसानं ताठ बूट घ्यावा, आणि उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत.

वाहतुकीचं बघू. १९१ सेंटिमीटरची पिशवी एसटीत शिरताना वाहक विचारेल, "काय होय हे भाऊ? ठिबकचे पाइप?" होय म्हणावं. खरं सांगितलं तर चिखलीपर्यंत चर्चा चालते. ठेवणं आणखी अवघड आहे. घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. तळाला मेणाचा जाड थर द्यावा, नाहीतर तळ कोरडा पडतो. पोलादी धारांना गंज चढतो, त्याही पुसून ठेवाव्यात. आणि घरात सांगून ठेवावं, की गच्चीवर कुरडया वाळवताना धोतराच्या दोन टोकांना ताण द्यायला ही वस्तू नाही. सांगून उपयोग होणार नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर निकाल देतो: विकत घेऊ नका. गुलमर्गला स्की, काठ्या, बूट सगळं भाड्यानं मिळतं. दर वर्षी आठवडाभर बर्फावर जाणार असाल तर फक्त बूट स्वतःचे करावेत. भाड्याची स्की घेतानाही वरच्या सगळ्या कसोट्या लावा, कारण काउंटरवरचा माणूस जी समोर पडली असेल ती हातात देतो. गुलमर्गच्या गोंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीवर सोडतो. तिथून खाली दाबून सपाट केलेली वाट मिळत नाही, हिमस्खलनं होतात, माणसं दगावली आहेत. स्थानिक गाईडशिवाय आणि सरावाशिवाय तिकडे जाऊ नये. या लेखात एवढा भाग गमतीचा नाही.

चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, बर्फ तेव्हा चांगला असतो. मलकापूरहून भुसावळ गाठा, तिथून जम्मूसाठी झेलम एक्सप्रेस आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीअखेर जायचं तर डिसेंबर उजाडताच खिडकीवर हजर राहा. आणि साइड अप्पर घेऊ नका, सहा फुटांवरचा माणूस त्यात मावत नाही.