आधी वापर सांगा

प्रत्येक बाजारगावात असा एक माणूस असतोच, की त्याला विचारल्याशिवाय कुणी काही विकत घेत नाही, आणि त्याला विचारल्यावर तर मुळीच घेत नाही. पाचोडात हे खातं तात्यांकडे आहे. तात्या हा एकच माणूस आहे अशी कुणी समजूत करून घेऊ नये. पैठणला आहेत, अंबडला आहेत, वडीगोद्रीच्या फाट्यावरही एक बसलेले असतात. आमचे तात्या धुळे-सोलापूर महामार्गाकडेच्या एका हॉटेलाच्या बाकावर मिळतात. सकाळी मोसंबीचं बीट, म्हणजे लिलाव, उरकला, गाड्या भरायला लागल्या, की बाक भरतो.

तात्यांना काहीही विचारा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "वापर काय?" फ्रिज घ्यायचा म्हणालात, तर घरात माणसं किती, ताक रोज होतं का आठवड्याला, लाइट किती वेळ असते. पाण्यातली मोटर म्हणालात, तर पाणी किती फुटांवर, पाइप केवढा, बाग किती लांब. मोबाइल म्हणालात, तर बोट जाड आहे का ते हात धरून बघतील. प्रश्न सगळे रास्त असतात, हीच तर पंचाईत. वेडेवाकडे असते तर माणूस उठून गेला असता. रास्त प्रश्नांची उत्तरं आणायला माणूस घरी जातो, दुसऱ्या दिवशी उत्तरं घेऊन येतो, चहा सांगतो, आणि तात्यांना त्या उत्तरांतून नवे प्रश्न सुचतात. "घेऊन टाक" हे दोन शब्द तात्यांच्या तोंडून निघालेले मी ऐकलेले नाहीत. त्यांना खरेदीत रस नाही, निवडीत आहे. वस्तू घरात आली की ती त्यांच्या लेखी मेली.

पूर्वी तात्या जेसीबीवर होते. आधी ऑपरेटर, मग मिस्त्री. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा ज्यांनी त्या उपटल्या त्यांत तात्यांचं बकेट होतं, आणि पुढं शेततळ्यांचा हंगाम आला तेव्हा खोदायलाही तेच होते. एकाच शेतकऱ्याकडून उपटल्याची आणि खोदल्याची, दोन्ही बिलं त्यांनी घेतली आहेत. यावर ते बोलत नाहीत. बोलतात ते टॉर्क कन्व्हर्टरवर. कारण जेसीबीला क्लचच्या जागी कन्व्हर्टर असतो, आणि बकेट मातीच्या ढिगात घुसून मशीन जागीच अडलं, इंजिन मात्र बोंबलतंय, ही जी अवस्था, तिच्यात तात्यांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत. इंजिन फिरतंय, चाक फिरत नाही, आणि तरीही काही तुटत नाही. असं यंत्र माणसाला विचार करायची सवय लावतं.

तर या तात्यांकडे एका अडत्याचा मुलगा आला. पुण्याला शिकून परतलेला, आणि येताना जुनी मर्सिडीज ई-२५० घेऊन आलेला. डिझेल, ऑटोमॅटिक, एमएच-२०. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि देशभर शहराचं नाव गाजलं होतं. ही गाडी त्या दीडशेतली आहे, असं मुलाचं म्हणणं. आपल्या भागात जुनी मर्सिडीज बाळगणाऱ्या प्रत्येकाचं तेच म्हणणं असतं. सगळ्या एका मैदानात उभ्या केल्या तर दीडशे सहज ओलांडतील. मुलाला त्या गाडीत तीन हजार स्टॉलचा कन्व्हर्टर बसवायचा होता. अमेरिकेतल्या मस्टँगवाल्यांचे व्हिडिओ पाहून त्याच्या मनानं ते घेतलं होतं.

"तात्या, सिग्नलवरून गाडी सुटली पायजे."

"पाचोडात सिग्नल कुठंय?"

"संभाजीनगरात आहेत ना."

"मग तिथल्या तात्याला विचार," असं म्हणून तात्यांनी चहा मात्र घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा हजर. तात्यांनी खिशातून डायरी काढली, पानावर उभी रेघ मारली आणि सुरुवात केली. इंजिनाची ओढ कुठून कुठपर्यंत? मुलानं फोनमध्ये बघून सांगितलं, ५०० न्यूटन मीटर, १६०० ते १८०० आरपीएमला. घोडे २०४. महामार्गावर ताशी नव्वदला काटा कुठं असतो? दोन हजारांच्या आतच. गाडीचं वजन? बरोबर माणसं किती? आडूळला थांबतोस का सरळ जातोस? शेवटच्या प्रश्नाचा कन्व्हर्टरशी काय संबंध, ते मलाही कळलं नव्हतं. नंतर कळलं. तात्यांना आडूळचं एक पार्सल आणायला सांगायचं होतं.

मग तात्यांनी त्याला स्टॉल म्हणजे काय ते समजावलं, आणि इथं मला मान्य करावं लागतं की इतकं स्वच्छ मी कुणाकडून ऐकलेलं नाही. ते म्हणाले, एका मोटरीनं पाणी फेकायचं आणि ते पाणी समोरच्या दुसऱ्या पंख्यावर जाऊन त्याला फिरवायचं, तसं हे आहे. फक्त पाण्याऐवजी तेल. पहिला पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तिसरा, छोटा, एकाच बाजूला फिरणारा. परतणारं तेल तो वळवून पुन्हा पहिल्याला मदतीला देतो, म्हणून सुटताना ओढ दुपटीच्या आसपास जाते. आता दुसरा पंखा ब्रेकनं धरून ठेवला आणि पूर्ण रेस दिली, तर इंजिन जिथवर चढून अडेल तो आकडा म्हणजे स्टॉल.

"म्हणजे कन्व्हर्टरवर तीन हजार लिहिलेलं असतं ना?"

"दुकानदार लिहितो. कन्व्हर्टरला वाचता येत नाही."

हे तात्यांचं आवडतं वाक्य, पण खरं आहे. तोच कन्व्हर्टर लहान इंजिनामागं लावला तर कमी आकड्यावर अडेल, तगड्यामागं लावला तर वर जाईल. ओढ चौपट झाली तर आकडा साधारण दुप्पट. आकाराचाही हिशोब असतो, कन्व्हर्टर जितका लहान तितका स्टॉल वर. अमेरिकेतली पोरं पेट्रोलच्या मोठ्या इंजिनात उंच कॅम टाकतात. ते इंजिन अडीच हजारांखाली नुसतं गुरगुरतं, काम करत नाही. त्याला झोपेतून उठवून थेट कामावर नेऊन सोडायचं म्हणून स्टॉल चढवायचा. वर त्यांना पळायचं असतं चौथाई मैल, म्हणजे ४०२ मीटर. "तुझं इंजिन सोळाशेलाच अंघोळ करून बसलेलं आहे," तात्या म्हणाले. "त्याला तीन हजारावर कामून उठवतो? तवर त्याची ओढ उतरणीला लागलेली. साडेचार हजाराच्या आत इंजिन संपतं. राहिलं काय तुझ्या हाती?"

मुलगा पडला. पण लगेच सावरला, कारण त्याच्याकडे इंटरनेट होतं. म्हणाला, लॉकअप आहे ना, हायवेवर दोन्ही पंखे लॉक होतील, घसरणार नाहीत. तात्यांचे डोळे चमकले. बऱ्याच दिवसांनी बरोबरीचा माणूस भेटला होता. लॉकअप हायवेला, पण पाचोडातून पैठणच्या रस्त्याला लागलास की? बैलगाडीमागं, उसाच्या ट्रॉलीमागं? तिथं लॉक होत नाही, दोन पंखे एकमेकांशी भांडत राहतात, आणि त्या भांडणाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. तेल करपलं की गिअरबॉक्स गेला. वेगळा कूलर बसवावा लागेल. तो बसवायला जागा आहे का? मग डायरीत नवं पान.

मधे एक गृहस्थ म्हणाले, हा शोध मूळचा जहाजांचा. ते खरंही आहे. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, जहाजातलं वाफेचं टर्बाइन फार वेगात फिरायचं आणि पंखा सावकाश फिरायला हवा होता, ती सोयरीक जमवायला. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर. जहाजाला कोण पिकअप विचारतो?"

शेवटी आहे त्या कन्व्हर्टरचा स्टॉल बघायची चाचणी ठरली. बाजार समितीच्या मागं, रिकाम्या जागेत. तात्यांनी चाकांना दगड लावले, समोरून माणसं हटवली, स्वतः गाडीत बसले. आधी गाडी फिरवून तेल गरम करून आणायला लावलं होतं. डावा पाय ब्रेकवर, गिअर डी मध्ये, उजवा पाय पूर्ण खाली. गाडी पुढून खाली बसली, बोनेट थरथरायला लागलं, मागं उभ्या असलेल्या कॅरेटवाल्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. काटा दोन हजारांच्या थोडा पुढं जाऊन अडला. तात्या मोठ्यानं मोजत होते. पाच म्हणायच्या आत पाय काढला, न्यूट्रल केलं आणि तेल थंड व्हावं म्हणून इंजिन चालू ठेवून बसून राहिले. यापेक्षा जास्त वेळ धरलं तर तेल उकळायला लागतं, हे जेसीबीवर शिकलेलं. आकडा कमी आला असता तर इंजिन थकलं किंवा मधला छोटा पंखा घसरला, फार वर गेला असता तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा गेल्या, असा त्याचा अर्थ. इथं दोन्ही नव्हतं. तात्यांचा चेहरा थोडा उतरला. निरोगी रोगी आला की वैद्याचा उतरतो तेवढाच.

मग ते तेल बघायला बोनेटखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. या गिअरबॉक्सला तेल बघायची दांडीच नसते. नळी असते, वर झाकण असतं, पण दांडी कंपनीच्या वर्कशॉपात. तात्या उठले ते लालबुंद होऊन. एवढ्या लाखांची वस्तू आणि मालकाला तेल दाखवत नाहीत, हा काय प्रकार! पाऊण तास त्यांनी जर्मनीला सुनावलं. तेवढ्यात मोसंबीचा एक ट्रक दिल्लीकडे सुटला आणि ज्या अडत्याचा माल त्यात होता, तोही ऐकत उभा होता.

"मग तीन हजारवाला घेऊ नको म्हणता?" मुलानं विचारलं.

"घेऊ नको असं मी कधी म्हनलं? आधी तेल बदल, फिल्टर बदल. मग टायर बघ. मग आरटीओला विचार, बदल केलेला चालतो का. मग बसू."

मुलानं तेल बदललं, फिल्टर बदलला, नवे टायर घातले. गाडी जरा बरी सुटायला लागली, म्हणजे कंपनीनं जशी दिली होती तशी. पण गावात त्यानं काय सांगितलं? तीन हजाराचा स्टॉल बसवलाय, तात्यांच्या सल्ल्यानं. तात्यांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी खोडून काढलं नाही. नुसते बशीत चहा ओतत राहिले.

त्याच आठवड्यात मोसंबीच्या कॅरेटनी भरलेला एक पिकअप टेम्पो बाकासमोर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, चहा सांगितला आणि म्हणाला, तात्या, चढावर गाडी मरती, तो तीन हजारवाला माझ्याबी गाडीला बघा की. टेम्पोला साधा क्लच आणि हातानं टाकायचे पाच गिअर. कन्व्हर्टर नावाची वस्तू त्यात शोधूनही सापडली नसती. हे तात्यांना माहीत होतं, बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं. तात्यांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरला बुटानं दोनदा ठोकलं आणि डायरी उघडत म्हणाले, "उद्या ये. माल उतरवून ये, आणि येताना डिझेलची पावती आण."