इनडायरेक्ट सर

तालुक्याच्या कोणत्याही मोठ्या बाजारगावात एक इंग्रजीचे सर असतातच. पिंपळगाव बसवंतलाही आहेत. खत-औषधांच्या दुकानावरचा माळा, वर पत्रे, खाली पोरांच्या सायकलींचा ढीग आणि फळ्यावर अर्धवट पुसलेला 'पॅसिव्ह व्हॉइस', ही त्यांच्या क्लासची खूण. दहावीच्या पोरांना 'डायरेक्टचं इनडायरेक्ट' शिकवण्यात सरांची हयात गेली. अखेर धंदा अंगात मुरला आणि सर स्वतःच इनडायरेक्ट झाले.

आता ते स्वतःच्या नावावर काहीच बोलत नाहीत. ऐन छाटणीत आभाळ आलं आणि टपरीवर कुणी विचारलं, "सर, पाऊस येईल का हो?" तर सर चहाचा घोट घेऊन म्हणतात, "हवामान खात्याचं असं म्हणणं होतं, की तो येणार होता." आला तर खातं बरोबर, नाही आला तर खातं चूक. सर दोन्हीकडून कोरडे.

नियम मात्र ते तब्येतीत शिकवतात. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, की लिलावातला पहिला ट्रॅक्टर मागं घेतल्यावर सगळ्या रांगेनं सरकावं तसं मागच्यांनी एकेक पायरी मागं यायचं. 'नाऊ'चा 'देन', 'हिअर'चा 'देअर', 'टुमारो'चा 'द नेक्स्ट डे'. पुराव्याला रेन आणि मार्टिनचं शिलाई सुटलेलं पुस्तक. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि फ्रेंच पलटणीतल्या शिपायांच्या साहसकथाही लिहायचा, हे सर दरवर्षी सांगतात. पोरांना त्यातली कथा हवी असते, वाट्याला व्याकरण येतं.

एकदा सर म्हणाले, "त्रिकालाबाधित सत्याचा काळ बदलत नाही. जसं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, 'कांद्याला भाव नाही' हे चालेल का?"

सर जरा थांबले. "सत्य आहे. पण पेपरात पृथ्वीच लिही."

कांद्यानं सरांचा एक नियम मोडलाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातबंदी घातली आणि ३१ मार्च २०२४ पर्यंतची म्हणून सांगितली. मार्चमध्ये ती 'पुढील आदेशापर्यंत' झाली. मे महिन्यात उठली, तीही वर ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. सरांनी खडू खाली ठेवला. "इनडायरेक्ट करताना 'उद्या' बदलतो, तारीख बदलत नाही, असं पुस्तक म्हणतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं कांदा लावला नव्हता."

सरांची खरी किंमत कळते ती भावकीत. बांधावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, की निरोप सरांच्या हाती. थोरला ओरडतो, "त्या नालायकाला सांगा, परत बांध कोरला तर तंगडं मोडीन!" सर पलीकडच्या पडवीत जाऊन सांगतात, "थोरल्या भाऊंनी बांधाविषयी चिंता व्यक्त केली. ओघात तुमच्या पायांचीही विचारपूस झाली." धाकटा उसळतो, "त्याला म्हणावं, जमीन काय तुझ्या सासऱ्यानं दिली का?" सर परत येऊन सांगतात, "त्यांनी जमिनीचा पूर्वेतिहास जाणून घेण्याची इच्छा दर्शवली." अवतरणचिन्हं गेली, उद्गारचिन्ह गेलं, प्रश्नचिन्ह गेलं. मग भांडण उभं राहणार कशाच्या आधारावर? सरकारी मोजणी येईपर्यंत दोन्ही घरं शांत राहतात. पुढाऱ्याच्या शिव्यांची 'तीव्र नाराजी' करून छापणाऱ्या वार्ताहरांना सर म्हणूनच आपले शिष्य समजतात. काही खरोखर आहेतही.

घरात मात्र हे चालत नाही. बाईंनी आतून सांगितलं, "अहो, गॅस संपलाय." सरांनी एजन्सीला फोन लावला, "घरातून असं कळवण्यात आलं, की गॅस संपला होता."

"मग आता आला ना?" म्हणत पोरानं फोन ठेवला. दोन दिवस स्वयंपाक चुलीवर झाला. त्या दोन दिवसांत बाई जे बोलल्या, त्याचं इनडायरेक्ट सरांनाही जमलं नाही.

फीचं गाडंही तिथंच अडतं. परीक्षा आणि द्राक्षं एकाच हंगामात येतात. बाप म्हणतो, "सर, व्यापारी उद्या पैसे देतो म्हणालाय, मिळाले की लगेच तुमचे." म्हणजे उधारीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडची. सर काही बोलत नाहीत. वहीत फक्त लिहितात, 'ही सेड दॅट ही वुड पे द नेक्स्ट डे.' वहीची पानंच्या पानं 'वुड'नं भरली आहेत. आता एखाद्या बापाच्या दारात उभं राहून सरांनी एकदा तरी डायरेक्ट बोलावं, असं बाईंचं म्हणणं होतं.