वीरधवलची खतावणी

नवीन जालन्यात बडी सडकेच्या एका बोळात आमचे काका राहतात. उभी हयात मोंढ्यात मुनिमकी केली. सोयाबीनची आवक ओसरली, की ते ट्रंकेतून नाथमाधवांची ‘वीरधवल’ काढतात आणि कानाला पेन्सिल अडकवून वाचायला बसतात. पहिल्या पानावर नाव आहे ते कुंडलिकेपलीकडच्या, जुन्या जालन्यातल्या एका वर्गमित्राचं. प्रत परत करायची राहिली. ती नोंद मात्र कुठल्याच खात्यात नाही.

१९१३ सालची ही अद्भुतरम्य कादंबरी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचण्यात मराठी पोरांच्या पिढ्या गेल्या. काकांनीही त्यापायी वडिलांचा मार खाल्ला. आता ते स्वतःच वडिलांच्या पक्षात गेलेत. नायकानं घोड्याला टाच मारली, की समासात पेन्सिलीनं येतं : ‘प्रवासखर्च कोणाच्या नावे?’ खूश होऊन कुणी बक्षीस दिलं, की ‘पावती नाही’. एका पानावर नुसतंच ‘वैरण?’ आणि खाली दोन रेघा.

“रात्रभर पळायलाय घोडा, खायलाय कधी?” काका मला विचारतात, जसा काही तो माझ्याच तबेल्यातला. “अन् हे वीर लोक घरी सांगून निघत नसतात काय? आमचं कार्टं नांदेडला निघालं तरी गाडीत बसल्यावर फोन करतंय.”

काकूंची तक्रार वेगळी. “दिवसभर नावं ठेवायची, अन् जेवायला हाक मारली की म्हणायचं, थांब, एवढं प्रकरण संपू दे. पुढं काय होतं ते आता मलासुद्धा पाठ झालंय!”

लहानपणचं पुस्तक पुन्हा हाती घेऊन गहिवरणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचा कंटाळा आहे. काका गहिवरत नाहीत, हिशोब मागतात.

एकदा मी त्यांना सांगितलं, की नाथमाधव तरुणपणी सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले आणि मग लिहू लागले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नातवाच्या कंपासपेटीतून खोडरबर आणलं आणि ‘वैरण?’ दोन्ही रेघांसकट खोडून टाकलं.

“घोड्याचं माफ,” ते म्हणाले. “पळू द्या त्याला किती पळायचं ते. पण बक्षिसाची पावती लागंल.”