फक्त एक टीप

आमच्या भालकीकडं, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, ज्याच्या घरात शिलाई मशीन, त्याच्या घराला दार असून नसल्यासारखं. तव्यावर भाकरी असते, तेवढ्यात कुणीतरी उंबऱ्यात येऊन उभं राहतं. हातात कापडाचा बोळा, तोंडात ठरलेलं वाक्य : "काकू, काय नाही वो, फक्त एक टीप मारून द्या की." या एका टिपेत काय काय मावतं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. उशीचे अभ्रे येतात, लुंगीचे काठ येतात, दप्तराचा तुटलेला बंद येतो, नवऱ्याच्या पँटची कंबर येते (ती वर्षाआड सैल करावी लागते). एकदा तर लग्नाच्या मांडवाचा फाटका पडदा आला होता, दोघांनी दोन टोकांना धरून. कापड त्यांचं, दोरा आपला. सुई मोडली तर तीही आपली. किती झाले असं विचारायची पद्धत नाही. एका टिपेचे कुणी पैसे घेतं होय?

आमची मशीन आजोबांनी घेतलेली; निजामाच्या राज्यात, हाली रुपयांत आणि तीही हप्त्यानं. सात हाली दिले की इंग्रजी सहा मिळायचे, असा तेव्हाचा हिशेब. आज्जी शेवटपर्यंत मशीनची किंमत हालीतच सांगायची. ऐकणारा "म्हणजे आपले किती?" म्हणाला की तिला राग यायचा, कारण तिच्या लेखी हालीच आपले होते. काळं कुळकुळीत डोकं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचं पायडल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार आणि हळदीकुंकू. नागपंचमीला पूर्ण सुट्टी, कारण त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. आईला वर्षातली तेवढी एकच रजा मिळायची. त्या दिवशीही शेजारची एक काकू यायचीच; पण शिवायला नव्हे, कापड ठेवून जायला.

ओसरीच्या कोपऱ्यातून ही मशीन कधी हलली नाही, पण राज्यं तिनं चार पाहिली. निजामाचं हैदराबाद, १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर भारतात आलेलं हैदराबाद, मग म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक. यातली १९५६ची उलथापालथ मोठी. त्या वर्षी १ नोव्हेंबरला अख्खा बिदर जिल्हाच एखाद्या ताग्यासारखा कात्रीखाली आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद असे आम्ही म्हैसुरात. कापणाऱ्यानं माप बरोबर घेतलंही असेल. पण आत माया ठेवायला विसरला.

परिणाम असा की उदगीरला दिलेल्या आत्याचा ब्लाउज आंतरराज्य झाला. तिचा उदगीरच्या एकाही टेलरवर विश्वास नाही. कापड भालकीला येणार, शिवून परत जाणार, दंडाला घट्ट झाला म्हणून पुन्हा येणार. कधी ते आपल्या एस.टी.नं यायचं, कधी कर्नाटकच्या बसनं, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीतून. सीमाप्रश्नावर घरात वाद झाला की आई म्हणायची, "राज्य कुठलं बी असू द्या, तिचा दंड वाढलाय ते कोण मान्य करंल?"

बाजारातल्या टेलर मास्तरांची गोष्ट वेगळी. ते पैसे घेतात, म्हणून त्यांना वेळ लावता येतो. आमचे मास्तर आमच्याशी मराठी बोलतात, खेड्यातल्या गौडांशी कन्नड, हाताखालच्या पोराशी दखनी, आणि माप घेताना सगळ्यांशीच इंग्रजी : चेस्ट, शोल्डर, वेस्ट, हिप. हिप म्हणताना आवाज जरा खाली येतो. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा २०२४ साली झाला, तेव्हा त्यांनी पाटी नवी करून घेतली. त्यावर दुकानाचं नाव, 'स्पेशालिस्ट' आणि 'उधारी बंद' एवढं नीट कन्नडात आहे. उरलेल्या जागेत मराठी, उर्दू आणि सूट-टायवाला एक माणूस. तसा सूट आमच्या तालुक्यात नवरदेवाशिवाय कुणी घालत नाही.

मास्तरांची मापाची वही पाहण्यासारखी असते. पानावर नाव, खाली आकडे, आणि कोपऱ्यात आपल्याच कापडाचा छोटा तुकडा टाचलेला. तो तुकडा पाहून गिऱ्हाइकाला धीर येतो, की चला, कापायला तर घेतलं. कापलेलं असतं ते तेवढंच. रमजान ईद आणि दिवाळीच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, बाहेर 'ऑर्डर बंद' असा पुठ्ठा लटकत असतो, आणि आत मास्तर ऑर्डर घेत असतात. "परसों ले जाओ जी" म्हणतात. आमच्याकडचं परसों हे येत्या परवापासून पुढच्या श्रावणापर्यंत कुठंही पडू शकतं.

तसं पाहिलं तर सुईचा धंदा आमच्या मुलखात संतांपासूनचा. नामदेव महाराज शिंपी, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवण्णांभोवती जे शरण (शिवभक्त) जमले, त्यांच्यात सूजिकायकद रामितंदे नावाचे एक कन्नड वचनकार होते. सुईकाम हाच त्यांचा कायक (पूजा मानून करायचं काम). म्हणजे दोन भाषांच्या भक्तीला आमच्याकडं दोन शिंपी मिळाले. दोघांच्या रचना टिकल्या. मी वाचलंय तेवढ्यात तरी दोघांपैकी कुणी गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हटल्याचं दिसत नाही. तो भाग पुढच्या पिढ्यांनी घातलेला.

मशीन मात्र साहेबाची. तिचा जन्मही भांडणातच झाला. फ्रान्समध्ये थिमोनिये नावाच्या शिंप्यानं १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, लष्करी गणवेश शिवायला कारखाना काढला, आणि दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी येऊन त्याची यंत्रं मोडून टाकली. मग अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली पेटंट घेतलं. हातसुईचं नेढं मागं असतं, यांच्या मशीनच्या सुईला ते टोकाजवळ होतं. सुई कापडात निम्मी शिरली की वरचा दोरा खाली पोचतो, आणि धोटा खालचा दोरा त्याच्यात अडकवून देतो. एवढ्यावर सगळं जग शिवलं गेलं. १८५१ साली आयझॅक सिंगर आले. त्यांनी यंत्र सुधारलं, हाऊंनी त्यांना कोर्टात खेचलं आणि पैसे वसूल केले. तरी नाव झालं ते सिंगरचं, कारण १८५६ पासून त्यांच्या कंपनीनं मशीन हप्त्यानं विकायला सुरुवात केली. जगात नाव शोधणाऱ्याचं होत नाही, हप्ता बांधून देणाऱ्याचं होतं, असं आमचे आजोबा म्हणत. हप्ते त्यांनीच फेडले होते.

याच सिंगरना गांधीजींनी माफी दिली होती. यंत्रांना तुमचा सरसकट विरोध आहे का, असं १९२४ साली विचारलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीन अपवाद म्हणून बाजूला काढली. बायको हातानं शिवताना शिणते हे पाहून सिंगरनं निव्वळ प्रेमापोटी ती बनवली, असं त्यांचं म्हणणं. आता सिंगरची चरित्रं सांगतात की त्यांच्या प्रेमाला एक बायको पुरत नव्हती. त्यांचे संसार बरेच होते, आणि मुलं चोवीस. पण मला यात गांधीजींचं काही चुकलं असं वाटत नाही. चोवीस पोरांच्या चड्ड्या-बंड्या हातानं शिवायच्या म्हटल्यावर मशीन काढावीच लागली असणार.

आता कुणाला वाटेल, मशीन आली आणि हातशिलाई गेली. तसं काही झालं नाही. मशीन सरळ टीप मारते. अवघड कामं हातालाच पडतात. काज, हुक, तुरपाई, साडीचा फॉल, रफू हे सगळं हाताचं. मास्तरसुद्धा हुक आणि तुरपाईची गठ्ठी गल्लीतल्या बायकांकडं पाठवून देतात. आणि कौदी तर आमच्या मशीनला शिवताच येत नाही.

कौदी म्हणजे आमच्याकडची गोधडी. वाकळ म्हणा हवं तर. उन्हाळ्यात ज्वारीची रास घरात आली, की आज्जी ट्रंक उघडायची. विरलेल्या इरकली साड्या, आजोबांची धोतरं, कुणाकुणाचे सदरे. ओसरीत थरावर थर अंथरायचे आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा तांब्या, अडकित्ता आणि उरलेल्या कोपऱ्यावर माझ्यासारखं एखादं पोर बसवायचं. मग गल्लीतल्या बायका चारी बाजूंनी बसत आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट. बोटभर लांब सुई, जाड पांढरा दोरा, आणि कापड ताणून धरायला पायाचा अंगठा. ज्यांना दिसत नसे त्या नेढं उन्हाकडं धरून पोरांना हाक मारत, "दोरा ओवून दे रं बाळा." बक्षीस म्हणून एक शेंगदाण्याचा लाडू मिळे. तेवढ्यासाठी आम्ही दोरा मुद्दाम तोकडा तोडत असू.

आमच्या घरातली एक कौदी अजून आहे. तिचे टाके नीट पाहिले तर त्या दुपारी काय बोलणं चाललं होतं ते वाचता येतं. बारीक, दाणेदार टाके म्हणजे भजन किंवा भाव : तुरीचा, सोन्याचा. टाके लांब पडायला लागले की समजावं, विषय सुनेवर आलाय. मधे एका ठिकाणी टाके वीतभर वाकडे गेलेत. तिथं गल्लीतली कुणीतरी पळून गेल्याची बातमी आली होती असं आईचं म्हणणं, आणि नाव सांगायला ती अजून तयार नाही.

औराद-चिंचोळीकडच्या तांड्यांवर तर हातशिलाईचा थाटच न्यारा. लंबाणी, म्हणजे बंजारा, बायांच्या लेहंग्यावर आणि कांचळीवर आरसे, कवड्या, नाणी, रंगीत दोरा, सगळं नजरेच्या मापानं, आधी खडूची रेघसुद्धा न ओढता. सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. २०२३च्या जुलैत हंपीला जी-२०ची बैठक झाली, तेव्हा लंबाणी कामाच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम केला. ते पाहून आनंद झाला. पण आमच्याकडं बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या पोरी बघाव्यात, तर अंगात रेडिमेड कुर्ती, आणि ओढणीला मशीननं मारलेली प्लॅस्टिकच्या आरशांची लेस. त्यांच्या आज्ज्या त्या लेसकडं ज्या नजरेनं बघतात, ती नजर गिनीजवाल्यांना सोसायची नाही.

सरकारचं मशीनवरचं प्रेम मात्र दिवसेंदिवस वाढतंय. निवडणूक जवळ आली की टेंपो भरून मशीनी येतात, प्रत्येकीवर एका पुढाऱ्याचा फोटो हात जोडून. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्राची विश्वकर्मा योजना आली. अठरा धंद्यांत शिंपी आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार. तारीखही आमच्या ओळखीची, इकडं त्या दिवशी हैदराबाद मुक्तिदिनाचा झेंडा लागतो. राज्याची गृहलक्ष्मी आहे, महिन्याला दोन हजार. ते साठवून आमच्या शेजारणीनं मोटरची मशीन घेतली. यूट्यूबवर प्रिन्सेस कट शिकली, ओसरीला काचेचं दार बसवलं आणि बाहेर बोर्ड लावला : बुटीक. आत भिंतीवर दरपत्रक आहे. फॉल-पिको इतके, अस्तराचा ब्लाउज तितके, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात 'एक टीप : १० रुपये'. गल्लीत हलकल्लोळ झाला. टिपेचे पैसे! पहिला आठवडा कुणी तिच्याशी बोललं नाही. आई मात्र बोर्ड वाचून आली आणि म्हणाली, "हे मला का नाही सुचलं?"

तर वाचकहो, दिवाळीला अंगावर नवा ब्लाउज किंवा सदरा पाहिजे असेल, तर कापड श्रावणातच टाका. मापाला देताना जुना ब्लाउज गेल्या वर्षीचा द्या, लग्नातला नको. मास्तरांना तारीख विचारू नका, फक्त आत माया भरपूर ठेवायला सांगा. आणि ज्यांच्या घरी जुनी मशीन चादर पांघरून, वर टीव्ही नाहीतर मनीप्लांट घेऊन उभी आहे, त्यांनी तेवढं ओझं उतरवून तिला दोन थेंब तेल घालावं. चालेल ती. दोरा गिऱ्हाइकानं आपला आणायचा, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.