नवटायरी गृहस्थ

नवे टायर टाकलेला माणूस ओळखायला त्याच्या गाडीकडे पाहावं लागत नाही. तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथूनच हाक मारतो, "अहो, जरा बघा की!" आपण बघतो. काळे, गोल. काहीतरी बोलायला हवं म्हणून "चारही बदलले?" असं विचारलंत की तुमचा पाऊण तास गेला.

पुण्यात हा गृहस्थ मेच्या अखेरीला, पावसाच्या तोंडावर जास्त दिसतो. वय पन्नाशीपुढे, गाडी सात-आठ वर्षांची. दुकानात त्याने चष्मा कपाळावर सारून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचलेले असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. "एप्रिलचा जन्म आहे," असं तो आपल्याला सांगतो; फक्त पत्रिका मांडायची बाकी असते. दुकानदाराने नायट्रोजन भरू का विचारलं, तेव्हा साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो फुकट भर आणि उरलेल्या बावीस टक्क्यांचे काय ते पैसे सांग, हा हिशोबही त्याने तिथेच उरकलेला असतो.

गाडी दुकानाबाहेर पडली की टायरचा सव्वा महिना सुरू. पाचशे किलोमीटर होईपर्यंत जोरात ब्रेक नाही, वेगात वळण नाही, ओव्हरटेक तर नाहीच. कारणं त्याला तोंडपाठ. टायर साच्यातून सुटावा म्हणून जे निसरडं द्रव्य मारतात, त्याचा अंश रबरावर राहतो. तो रस्त्यावर घासून जाईपर्यंत पकड कमी. टायर रिमवर चढवताना साबणासारखी पेस्ट लावतात. ती वाळायच्या आत करकचून ब्रेक दाबला तर रिम फिरतं आणि टायर जागेवरून सरकतो. शिवाय नवी नक्षी आठेक मिलिमीटर खोल. रबराचे ते उंच ठोकळे वळणावर वाकतात, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करते आणि मग वळते. यातला शब्द न् शब्द खरा आहे, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर आपण वाद तरी घातला असता.

पण टायर बसल्याशिवाय हा हायवेवर जायचा नाही, आणि मंडईपर्यंतच्या फेऱ्यांनी पाचशे किलोमीटर काही लवकर भरत नाहीत. "साताऱ्याला माझ्या माहेरी दोनदा जाऊन आलो असतो तर होत आले असते तुमचे पाचशे," काकू म्हणतात. काका दुखावल्या स्वरात विचारतात, "नव्या टायरवर? घाटात?"

आता गंमत बघा. याच काकांनी गेल्या श्रावणात, टायरचा पार गोटा झालेला असताना, भर पावसात खंबाटकीचा घाट एका हाताने स्टिअरिंग धरून ओलांडला होता. दुसऱ्या हातात कणीस होतं. "अजून एक सीझन निघतोय," म्हणाले होते. वर गाडी कशी हाताला लगेच वळते म्हणून कौतुक! वळणारच, झिजलेल्या नक्षीत वाकायला ठोकळेच उरत नाहीत, म्हणून हाताला सगळं चोख वाटतं. फक्त साचलेलं पाणी बाजूला सारायला खाचाही उरत नाहीत, आणि ते हाताला कळत नाही. गाडी पाण्यावर तरंगली की कळतं. माझं स्पष्ट मत असं, की काका भित्रे नाहीत. त्यांचं भिण्याचं वेळापत्रक चुकलेलं आहे.

मधेच मायलेजचं रडगाणं येतं. नवे टायर टाकल्यापासून गाडी पेट्रोल जास्त खाते. थोडं खातेच, कारण जाड नक्षी फिरवायला जोर जास्त लागतो. पण नव्या टायरचा घेरही झिजलेल्यापेक्षा मोठा, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला चाकाचे फेरे कमी आणि मीटरवर शंभरामागे दोनेक किलोमीटर कमी पडतात. म्हणजे पाचशे भरायला आणखी उशीर. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा एखादी गाडी नव्याकोऱ्या टायरवर तुमच्यापुढे चाळीसने चालली असेल तर हॉर्न वाजवू नका. पहिल्या पाचशे किलोमीटरपुरता तो माणूस बरोबर आहे, थोडं मागे राहा. त्यापेक्षा घरी गेल्यावर आपल्या टायरच्या खाचांत वाकून बघा. तिथले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले असतील, तर तुमची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली आहे. अजून एक सीझन काढू नका.