ज्यांना कॉम्प्युटरमधले कळते

मराठी मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तीन पदे उपविधींनुसार भरली जातात. चौथे एक पद मात्र कोणत्याही उपविधीत नसूनही कधी रिकामे राहत नाही, आणि ते म्हणजे ‘त्यांना कॉम्प्युटरमधले कळते’ असे ज्यांच्याविषयी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सांगितले जाते, त्या गृहस्थांचे. हे गृहस्थ शिक्षणाने संगणक अभियंता असतातच असे नाही. ते बहुधा बँकेतले अधिकारी, रसायनशास्त्राचे प्राध्यापक किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून त्यांनी स्वतःचा संगणक स्वतः जोडला होता, एवढ्या एका पराक्रमावर त्यांची नेमणूक तहहयात झालेली असते. या पदाला मानधन नाही, मुदत नाही आणि राजीनाम्याची सोयही नाही.

त्यांची खरी कसोटी लागते ती कोणाची तरी हार्ड डिस्क दिसेनाशी झाल्यावर. प्रिंटर बंद पडला किंवा वाय-फाय मंदावले तर माणसे दोन दिवस कळ काढतात. परंतु मुलीच्या लग्नाचे फोटो, नातवाच्या मुंजीचे चित्रण आणि सगळी आयकर विवरणपत्रे ज्या एकाच डिस्कवर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ आणि ‘न्यू फोल्डर २ कॉपी’ अशा नावांनी साठवलेली असतात, ती डिस्क जोडूनही पडद्यावर येत नाही असे लक्षात येताच ऐन रविवारी सकाळी या गृहस्थांच्या दाराची घंटा वाजते. तक्रारीचा मसुदा सर्व घरांत एकच असतो: ‘‘काका, काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होती. आम्ही काही म्हणजे काही केलेलं नाही.’’ यातील दुसऱ्या वाक्यावर त्यांनी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही आणि कधी अविश्वासही दाखवलेला नाही. ते फक्त डिस्क हातात घेऊन तिच्या कोपऱ्यावरच्या ताज्या पोच्यावरून अंगठा फिरवतात, आणि समोरच्याची नजर छताकडे वळते.

त्यांच्या आयुधांची पिशवी साडीच्या दुकानातून मिळालेली, कापडी असते. तिच्यात स्टार स्क्रू-ड्रायव्हर, दोन जादा केबली, धूळ उडवायचा रबरी फुगा, सीआर २०३२ या नावाची ३ व्होल्टची बटणाएवढी बॅटरी आणि एक शाळकरी खोडरबर एवढ्या वस्तू निघतात. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्कबिंदू खोडरबराने घासून पुसले की अर्धे संगणक पुन्हा सुरू होतात, हे भारतीय दुरुस्तीशास्त्राचे आद्य तत्त्व त्यांना मान्य आहे; मात्र हार्ड डिस्कच्या दुखण्यात रॅमचा संबंध नसतानाही ते एकदा रॅम काढून पुसतातच, कारण यजमानीणबाई दारात उभ्या असतात आणि काहीतरी सुरू झालेले दिसणे आवश्यक असते.

त्यांची निदानपद्धती मात्र अस्सल शास्त्रीय असते. डिस्क न दिसण्याचे तीन स्तर आहेत आणि ती कोणत्या स्तरावर हरवली हे कळल्याखेरीज कशालाही हात लावू नये, हा त्यांचा मूळ सिद्धान्त होय. पहिला स्तर बायॉसचा. बायॉस म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये वसलेला आणि विंडोजच्या आधी जागा होणारा प्रोग्राम, आणि आतली डिस्क तिथल्या यादीतच नसेल तर दोष केबलीत, वीजपुरवठ्यात, बायॉसच्या मांडणीत किंवा खुद्द डिस्कमध्ये शोधावा लागतो. दुसरा स्तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ या विंडोजमधल्या खिडकीचा, जिथे जोडलेल्या प्रत्येक डिस्कची आणि तिच्या विभागांची नोंद दिसते. तिसरा स्तर ‘धिस पीसी’चा, आणि सामान्य माणूस फक्त तेवढाच पाहतो. डिस्क दुसऱ्या स्तरावर दिसते पण तिसऱ्यावर दिसत नाही, असे झाले तर पुष्कळदा तिला ई किंवा एफ यांसारखे अक्षरच मिळालेले नसते. ‘‘पाहुणा मांडवात आलाय, पंगतीत पान मांडायचं राहिलंय,’’ असे सांगून ते राइट क्लिक करतात आणि अक्षर देतात; घरात जल्लोष होतो, आणि इतक्या सोप्या विजयाने ते स्वतः किंचित खट्टू झालेले दिसतात.

केबलींविषयीचे त्यांचे ज्ञान इतके सखोल असते की ते ऐकण्याची ताकद सर्वांजवळ नसते. अडीच इंची बाह्य डिस्क यूएसबीमधूनच वीज घेते, यूएसबी २.० च्या छिद्रातून नियमाने ५०० मिलिॲम्पिअरच मिळतात, आणि तबकड्या फिरू लागण्याच्या क्षणी डिस्कची भूक त्याहून मोठी असू शकते, म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या छिद्रात न दिसणारी डिस्क कधीकधी मागच्या छिद्रात लख्ख दिसते, हे ते टेबलाखाली पालथे पडून समजावतात. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो आणि तो घरात सेट-टॉप बॉक्सला लावलेला सापडतो, हेही त्यांनाच ठाऊक असते. आतल्या डिस्कची साटा केबल, म्हणजे २००३ सालापासून आलेली सात संपर्कबिंदूंची चपटी जोडणी, तिच्या एल आकाराच्या खाचेतून अर्धा मिलिमीटर सरकली तरी डिस्क गायब होते. ती काढून पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवताना त्यांना हटकून जुन्या काळची आठवण येते, जेव्हा ४० पिनांची रुंद पट्टी असे आणि एकाच पट्टीवरच्या दोन डिस्कांपैकी मास्टर कोण व स्लेव्ह कोण हे जंपर नावाच्या तांदळाएवढ्या टोपणाने ठरवावे लागे. त्या टोपणाचा शोध घेत गालिच्यावर रांगण्यात एका पिढीचे तारुण्य गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तथापि त्यांचे सर्वांत विश्वसनीय उपकरण म्हणजे कान. डिस्क जोडताच ते हात वर करून पंखा बंद करवतात, कुकरची शिट्टी थांबवतात आणि डोळे मिटून ऐकतात. तबकडीचा सलग घोंघावणारा आवाज आला तर आशा आहे. काहीच आवाज नसेल तर वीज पोहोचत नाही किंवा मोटर अडकली आहे. आणि ठरावीक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ ऐकू आले तर वाचन-लेखन करणारा हेड आपली जागा शोधून थकला आहे असे समजून ते ताबडतोब केबल उपसतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून हा हेड केवळ काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातो, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे कळल्यावर तरी माणसे ‘एकदा उघडून बघू या का?’ असे विचारणार नाहीत, अशी त्यांची भाबडी समजूत असते. माणसे विचारतात. शिवाय न्यू जर्सीतला भाचा व्हॉट्सॲपवरून डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कळवतो, आणि थंड तबकडीवर दव धरून उरलेसुरलेही जाते हे यजमानांना पटवण्यात या गृहस्थांची अर्धी सकाळ खर्ची पडते.

त्यांच्या थोरवीचा क्षण वेगळाच असतो. डिस्क दिसते, पण विंडोज नम्रपणे विचारते की वापरण्यापूर्वी ही फॉर्मॅट करायची का. आणि घरातील कोणीतरी, कोणत्याही प्रश्नाला ‘ओके’ म्हणायच्या संस्काराने, माउसकडे हात नेते. फॉर्मॅट म्हणजे डिस्कवर नवी अनुक्रमणिका लिहिणे. जुना मजकूर लगेच पुसला जात नसला तरी तो कोठे आहे हे सांगणारी पाने जातात, आणि पुढच्या प्रत्येक नोंदीगणिक परतीची वाट बुजत जाते. म्हणून ते अशा वेळी ‘‘हात लावू नका!’’ असे एवढ्या जोराने ओरडतात की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. एरवी मवाळ असलेला हा माणूस आवाज चढवतो तो येथेच.

त्यांच्यात दोष नाही असे नाही. सापडलेली डिस्क इतिहास सांगितल्याविना परत करणे त्यांना जमत नाही, आणि हा इतिहास १९५६ सालच्या आयबीएमच्या रॅमॅकपासून, म्हणजे २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरवून जेमतेम ५ मेगाबाइट साठवणाऱ्या धुडापासून सुरू होतो. पण याच माणसाने खजिनदारांच्या ‘ऑडिट’ नावाच्या फोल्डरात केवळ जुने हिंदी चित्रपट भरलेले पाहिले आहेत, सचिवांच्या अपूर्ण राहिलेल्या कादंबरीची चौदा प्रकरणे पाहिली आहेत, आणि त्याविषयी चकार शब्द कधी काढलेला नाही. त्याच्या श्रमाचे मोल कांदेपोहे आणि चहा एवढेच असते, आणि पुढील तीन महिने त्या घरात टीव्हीचा रिमोट जरी बिघडला तरी ‘‘काका हात लावून गेल्यापासून असं होतंय’’ हा ठपका त्याच्याच नावावर पडतो.

निघताना ते दरवेळी एकच प्रश्न विचारतात, ‘‘दुसरी प्रत कुठे आहे?’’, आणि दरवेळी समोरून पोह्यांचा आणखी एक चमचा पुढे येतो. टक-टक करणारी डिस्क त्यांच्यानेही उघडत नाही; ती धूळविरहित प्रयोगशाळेत पाठवावी लागते, तिथले बिल हजारांत येते आणि यशाची हमी नसते. तेव्हा वाचकांनी त्यांच्या दाराची घंटा वाजवण्यापूर्वी दोनच गोष्टी कराव्यात: फोटो आणि कागदपत्रे आजच दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून ठेवावीत, आणि काल रात्री डिस्क टेबलावरून पडली असेल तर ते आधी सांगून टाकावे.