कोपरा फाटलेला माल

कल्याणात जुना वाडा पाडायचा ठरला की आधी भांडी वाटली जातात, मग होतात भांडणं. फोटोंवर मात्र कुणी हक्क सांगत नाही. पणजोबा थेट रद्दीत. तिथून ते एखाद्या 'वारसा' थाटाच्या मिसळवाल्याच्या भिंतीवर चढतात आणि तर्रीच्या वाफेतून गिऱ्हाइकांकडे रोखून बघतात. सख्खी पतवंडं त्यांच्याखाली बसून सेल्फी काढतात. ओळख कुठली लागायला!

तारेत खोचलेली पोस्टकार्डंही तशीच बाहेर पडतात. १८७९ साली पाव आण्याला सुरू झालेलं हे कार्ड आता संग्राहक भिंगाखाली धरतो. "कोपरा फाटलाय, किंमत कमी करा." अहो, तो मुद्दाम फाडलाय! घरात कुणी गेलं, हे कार्ड हातात पडताच कळावं म्हणून. पण बाजारात तो डागी माल, आणि मयताच्या निरोपावरही घासाघीस.

डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत गेलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचा फोटो मात्र गावात प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातला. मूळ फोटो तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेला, म्हणून वाचला. त्यात आनंदीबाईंबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली आहेत, तिघी आपापल्या देशी पोशाखात. आमच्याकडे फिरणाऱ्या फोटोत त्या दोघींना कात्री लागते. त्या कुठे कल्याणच्या मतदार होत्या? मोकळ्या झालेल्या जागेत वर 'शुभ सकाळ' येतं आणि खाली हात जोडलेले भावी नगरसेवक.